वैशाखापर्यंत

९ नोव्हेंबर १९३६, काटेवाडी

इंदापूरच्या मुलींच्या शाळेत रोजचं कामकाज लिहून लिहून अशी खोड लागली आहे की रजेवर आले तरी हात स्वस्थ बसत नाही. म्हणून ही वही. ही शाळेची नाही, माझी एकटीची. हिच्यात मी हवी तशी चरफडणार.

दोन-तीन महिने झाले, दिवस कलला की अंगात ताप. जेवण जात नाही. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट तेवढं पुढं आलं. शेवटी मोठ्या बाईंनीच सांगितलं, "रतनबाई, दिवाळीला जोडून रजा घ्या, भावाकडे जा, प्रकृती दाखवा." आज बारामतीला मोटारीतून उतरले तर वहिनी बैलगाडी घेऊन उभी. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, कशी आहेस एवढंही विचारलं नाही, आणि गाडी मळ्याकडे न वळवता सरळ डॉक्टर रिसबुडांच्या दवाखान्यापुढं थांबवायला लावली.

डॉक्टरांनी पोट ठोकून पाहिलं, बाजारात कलिंगड ठोकतात तसं. मग म्हणाले, "पेरिटोनायटिस." मी पडले मास्तरीण, शब्द कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. फोड करून मागितली. माणूस भला, रागावले नाहीत. म्हणाले, "पोटाच्या आतून एक पातळ पडदा असतो, आतड्यांवर पांघरूण घातल्यासारखा. त्याचं नाव पेरिटोनियम. आणि आजाराच्या नावाशेवटी आयटिस आलं की दाह समजायचा. या पडद्याला दाह झाला आणि पोटात पाणी धरलं. मराठीत उदरावरणदाह म्हणा." त्याचे म्हणे दोन प्रकार. एक झटक्याचा. आतडं फुटलं की तो होतो आणि माणूस आठवड्यात जातो. दुसरा रेंगाळणारा. माझा दुसरा.

"मग सुटले म्हणायची," मी म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत.

"यजमान कशानं गेले तुमचे?"

"खोकल्यानं. वर्षभर अंथरुणाला होते. त्याला चार वर्षं झाली."

"हं."

मग मला औषधाची बाटली घ्यायला बाहेर पाठवलं आणि आत वहिनीशी कितीतरी वेळ बोलत बसले. वहिनीला सही करता येत नाही. मराठी सातवीची फायनल पास झालेली मी बाहेर बाकावर, आणि आजार कोणाचा, तर माझा! वहिनी बाहेर आली ती तोंड शिवल्यासारखी. वाटेत तीनदा विचारलं, काय म्हणाले. "ऊन घ्यायचं, दूध प्यायचं," एवढंच.

१४ नोव्हेंबर

दिवाळी. वहिनीनं माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा केला. माझी भांडी ती सगळ्यांच्या राशीत घालत नाही, उकळतं पाणी ओतून वेगळी धुते. अंथरूण पडवीत, उन्हाच्या बाजूला. सारजा, माझी भाची, चौदा वर्षांची घोडी झाली तरी मी आले की माझ्याच कुशीत निजायची. यंदा वहिनीनं तिला दंडाला धरून आत नेलं.

मी विचारलं, "मी काय महारोगी आहे?"

"डाक्तरानं ऊन घ्यायला सांगितलंय. पडवीत ऊन येतं."

ऊन घ्यायला सांगितलं, ताट वेगळं करायला कोणी सांगितलं? पण एक गंमत आहे. रोज दोन अंडी आणि पेलाभर म्हशीचं दूध माझ्यापुढं आदळते. अगदी आदळतेच. प्यायले नाही तर उभी राहते. या बाईला माझा तिटकारा आहे की काय आहे, देव जाणे.

२९ नोव्हेंबर

शेजारच्या मळ्यातली कुशाबाई मेथी न्यायला आली. या शिवारातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मली आहेत, मी धरून. मेथी राहिली बाजूला, तिची नजर माझ्या पोटावर.

"बाई, तू दूर कदीपास्नं बसली न्हाईस?"

आमच्याकडे यात लपवण्यासारखं काही राहत नाही. बाई महिन्याचे चार दिवस घराबाहेर कोपऱ्यात बसते, कशाला शिवत नाही, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. न बसलेली त्याहून जास्त दिसते. मी खरं ते सांगितलं. ऑगस्टपासून नाही. अंगात रक्तच नाही तर येणार कुठून, असं डॉक्टर म्हणाले, तेही सांगितलं.

"म्हंजी चार म्हयनं," ती बोटांवर मोजत म्हणाली.

"अहो, पेरिटोनायटिस आहे मला."

"असंल. आमी त्याला निराळं नाव देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, पोटात पाणी आहे, जलोदरासारखं. त्यावर म्हणते, जलोदर दारुड्यांना होतो, मास्तरणींना नाही. आणि मेथीची जुडी काखेत मारून गेली.

६ डिसेंबर

शिवारभर झालं. माझ्या पोटाचा बापही त्यांनीच ठरवला: कालव्याचा पाटकरी, जो सगळ्यांच्या शेतात पाणी सोडतो तो. का, तर मोहनरावाच्या, म्हणजे दादाच्या, मोसंबीला नंबराआधी पाणी मिळतं ते उगीच का! पाटकरी साठीचा आहे, तोंडात दात नाहीत, आणि ऑगस्टात मी इंदापूरला वर्गात पाढे घेत होते. हे सारजानं येऊन मला सांगितलं तेव्हा मी हसत सुटले. दादा हसला नाही. दादा माझ्याशी बोलणंच टाकून बसला आहे.

१० डिसेंबर

वहिनी आज पहाटे पडवीत आली. "उद्यापास्नं चार दिस भायेर बस."

"काही नाही झालेलं मला."

"मला ठाव हाय. तरी बस."

मी भडकले. मी खोटं वागायचं? खरा आजार आहे, डॉक्टर आहेत, शब्द आहे! ती म्हणाली, "तुझा शबूद कुणाला समजतोय? कोपऱ्यात बसलेली बाई समजती."

उद्या बसणार आहे.

१७ डिसेंबर

बसले. चार दिवस गोठ्याच्या कडेला घोंगडीवर, वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकीला दिसेल अशी. वहिनी लांबून भाकरी टाकायची आणि मोठ्यांदा म्हणायची, "शिवू नगंस गं!" नाटक कंपनीत गेली असती तर नाव काढलं असतं. पाचव्या दिवशी तिनं कापडं धुतली आणि कुशाबाईच्या मळ्याकडच्या कुंपणावर वाळत घातली.

तिथंच घात झाला. काल कुशाबाई पाणवठ्यावर सगळ्या बायकांत म्हणाली, "खरी बाई ती चिंधी लुगड्याखाली वाळत घालती. कुंपणावर झेंडा कोण लावतं?"

बरोबर आहे की. मला कसं सुचलं नाही? वहिनीला कसं सुचलं नाही? जन्मभर लपवायची सवय, आणि दाखवायची वेळ आली तेव्हा दोघींनाही दाखवता आलं नाही. आता माझा आजारही खोटा, डॉक्टरही विकत घेतलेला.

वहिनी चुलीपुढं बसून रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, "लांब बस."

१४ जानेवारी १९३७

संक्रांत. वहिनीनं हळदीकुंकवाची तयारी केली, ओसरी सारवली, तिळगुळाचं ताट झाकून ठेवलं. मी आतच. मला तसंही हळदीकुंकवात काम नाही, नवरा गेल्यापासून. पण वहिनीचं कुंकू तर जागेवर आहे! तिच्याकडंही एक बाई फिरकली नाही. दिवेलागणीला तिनं ताट उचललं आणि सगळा तिळगूळ सारजापुढं ठेवला, "खा."

मला त्या बाईची दया आली. माझ्यामुळं झालं म्हणून नव्हे. नुसती आली.

२२ जानेवारी

सारजाचं लग्न सणसरच्या रावजींच्या मुलाशी ठरलं आहे. चांगलं बागाईत घर, मुलगा इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला. रावजींनी निरोप धाडला: पोरीच्या आत्याचं खरं काय ते कळू द्या, मग तिथी धरू.

आज दादा दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर बसला. तोंडाकडं न बघता, जमिनीला सांगितल्यासारखं बोलला.

"वैशाख सरंस्तोवर थांब. समदा हिशेब बायकांनी करून ठिवलाय. दिवस भरून गेलं आन पोट तसंच ऱ्हायलं, की झाली तोंडं बंद."

"आणि डॉक्टर पाणी काढायचं म्हणतात ते?"

"खुळी का काय तू? पोट उतरलेलं दिसलं की पाडलं म्हणतील."

मी बराच वेळ यावर विचार केला आणि दादाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे असं मला आढळलं, हीच तर रड आहे. पोट राहिलं तर मी पोटुशी. पोट उतरलं तर मी पोट पाडलेली. खरी ठरायची एकच वाट: हे ओझं वाढवत बसायचं, सगळ्यांना दिसेल असं, वैशाखापर्यंत. मेले तरी मरायचं ते वैशाखानंतर. विहिरीच्या पलीकडं जायचं नाही, असंही दादानं बजावलं. शाळेत माझ्या जागी दुसरी बाई घेतली, हे सांगायला शिपाई आला होता. त्याला दादानं दारातूनच वाटेला लावलं.

१८ फेब्रुवारी

निवडणुकीची मतं झाली. शिकलेली बाई म्हणून माझं नाव मतदारांच्या यादीत होतं, पहिल्यांदाच. दादा एकटा बैलगाडी जुंपून गेला. मी विहिरीपर्यंत गेले आणि तिथून धूळ पाहिली.

९ मार्च

आडवं पडलं की गुदमरते. उशीला टेकून बसल्या बसल्या झोपते. वहिनीनं कोणाला न विचारता डॉक्टरांना बोलावून आणलं, सायकलवर आले, घामाघूम.

"मोहनराव, पाणी काढावं लागेल. हृदयावर दाब येतोय."

"वैशाखानंतर काढा."

"वैशाखापर्यंत यांचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"आन आत्ता काढलं तर माझ्या पोरीचं काय हुईल ते मी सांगू शकतो."

डॉक्टर सायकलची घंटी पुसायला लागले. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच पंचांपुढं येऊन आजार समजावून द्या ना, कशानं होतो, कसा होतो. तर कचरले. वहिनीकडं पाहिलं आणि म्हणाले, "बघू." एवढा शिकलेला माणूस, साधी चार वाक्यं बोलायला का कचरतो? भीती वाटत असेल गावकऱ्यांची. त्यांनी मासळीच्या तेलाची बाटली दिली. ते प्यायचं म्हणजे भोग आहे नुसता.

२७ मार्च

शिमगा. पोरांनी माझं नाव घेऊन बोंब मारली. पुढं काय जोडलं ते लिहिणार नाही. दादा दार लावून आत बसून होता. मला वाटलं उठेल, काठी घेऊन जाईल. तो उठला नाही.

१२ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली, आणि दुपारी सणसरचे रावजी बायकोला, बनाबाईंना घेऊन आले. माणूस वाईट नाही. ओसरीवर बसून सुपारी कातरत म्हणाले, "मोहनराव, मला सोयरीक मोडायची न्हाय. पर भावकी इचारती. मला एकदा सरळ सांगा."

मी दाराआडून बोलले. बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. पडदा, दाह, पाणी, सगळं सांगितलं, पोरींना भूगोल समजावून देतात तसं. रावजींनी नीट ऐकून घेतलं.

"बोकडाच्या पोटात जाळी असती, तसलं काय व्हय?"

"तसंच. ते सुजतं आणि पाणी धरतं."

"समजलं. पर बाई, बोकडाची जाळी सुजली का न्हाय ते कापल्यावर कळतं. माणसाचं कसं कळायचं?"

बनाबाई हसल्या, मग त्यांनाच कसंतरी झालं. मी मात्र तोच शब्द धरून बसले. कापल्यावर कळतं! मग कापा ना. टाका भोक, सगळ्यांच्या देखत. पाणी निघालं तर पाणी, पोर निघालं तर पोर. इतकी सोपी गोष्ट पाच महिने कोणाच्या डोक्यात आली नाही, माझ्यासुद्धा.

१४ एप्रिल

दादाला सांगितलं. अंगणात बायका बसवायच्या, कुशाबाईला पुढं, बनाबाईंनाही बोलवायचं, आणि डॉक्टरांनी तिथं पाणी काढायचं. दादा आधी चिडला, घरच्या बाईचं उघडं पोट चव्हाट्यावर मांडायचं म्हणून. मग विचार करता करता त्याचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी तो मला "रतने" म्हणाला.

वहिनी मात्र आकांडतांडव करायला लागली. "नगं. माझ्या गळ्याची आन हाय तुला. वैशाखापतूर कळ काढ. सारजाच्या अक्षता पडू दे, मग काय करायचं ते कर."

"वैशाखापर्यंत मी जगेन का?"

"जगशील! मी जगवीन तुला!"

"तुला काय, पाच महिने ताटवाटीसुद्धा शिवू दिली नाहीस, तुला माझं नाव साफ झालेलं नको आहे," असं मी बोलले. तोंडातून गेलं. ती पदर तोंडाला लावून गोठ्यात निघून गेली. डॉक्टरांना निरोप घेऊन गडी गेला आहे. रविवारी येणार. मला आज ताप असून भूक लागली.

१८ एप्रिल, रविवार

लिहिते. सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी नऊ-दहा बायका आल्या. पुरुष ओसरीवर, मधे घोंगडीचा आडोसा. मला बाजेवर टेकून बसवलं, लुगडं सारून टीचभर जागा उघडी ठेवली. डॉक्टर आत यायच्या आधी दारात वहिनीपाशी थांबून हळू आवाजात काहीतरी बोलले. मग मला विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "सहा महिन्यांत पहिल्यांदा नक्की."

जागा बधिर केली आणि जाड पोकळ सुई घातली. तिला रबरी नळी, नळीखाली बादली. आणि पाणी आलं! फिकं पिवळं, स्वच्छ पाणी. बादलीत आवाज करत पडायला लागलं. बायका माना पुढं करून बादलीत डोकावल्या. एक बादली भरली, दुसरी लावली. माझा श्वास मोकळा होत गेला. महिनाभर मी खोल श्वास घेतला नव्हता. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि मी हसत होते.

कुशाबाईनं बोट बुडवून वास घेतला. मग हात धुऊन माझ्या सैल पोटावर दोन्ही तळवे ठेवले, दाबलं, चाचपलं. तिच्या हातांबद्दल मी आजवर काय काय बोलले असेन, पण ते हात खोटं बोलणारे नाहीत. ती उठून उभी राहिली आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "पिशवी रिकामी हाय! पोर न्हाय, आन कदी हुतंबी न्हाय! पोरीला नावं ठिवली त्यांच्या तोंडात माती पडू दे, माझ्याबी!" आणि तिनं माझ्या पायाला हात लावला. बनाबाईंनी माझी अलाबला घेतली. कोणीतरी साखर आणायला धावलं.

आडोशापलीकडून रावजींचा आवाज आला. आवाजात आनंद होता. "मोहनराव, जिंकली तुमची भयीन. पर डाक्तर, आता सांगा, बाईमाणसाला असं पाणी धरतं तरी कशानं?"

"पडद्याचा दाह," डॉक्टर म्हणाले.

"त्यो कशानं?"

डॉक्टर नळी गुंडाळायला लागले. वहिनी भिंतीला पाठ लावून उभी होती आणि नुसती मान हलवत होती, नाही, नाही. मला वाटलं हे काय आता, जिंकलेला खटला कशाला अर्धा ठेवायचा? माझ्याच तोंडानं मी म्हटलं, वर्गात म्हणावं तसं खणखणीत, "सांगा डॉक्टर! सगळ्यांना कळू दे. लपवायला काय आहे?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "क्षयानं," ते म्हणाले. "पोटाचा क्षय आहे हा. यजमानांचा छातीचा होता, त्यातून."

पहिल्यांदा बनाबाईंनी पदर नाकाला लावला. मग एकेक करून सगळ्यांनी. कुशाबाई आपल्या हातांकडं बघत उभी राहिली, मग विहिरीकडं गेली आणि कितीतरी वेळ हात धूत होती. साखर आणायला गेलेली परत आलीच नाही. बादल्या तशाच पडून होत्या, कोणी हात लावेना. त्या वहिनीनं उचलल्या.

१९ एप्रिल

रावजी जाताना दादाला म्हणाले, "मोहनराव, बदनामी मी पोटात घातली असती. ह्ये न्हाय घालता येत." सोयरीक मोडली.

मी वहिनीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"त्या पयल्याच दिशी सांगितलं डाक्तरानं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं आसतं तर तू लपवलं आसतंस? तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय. आन ह्यांस्नी कळलं आसतं तर त्याच दिशी गाडी जुंपून तुला भायेर काढलं आसतं. म्हणून म्हनलं, बोलू देत लोकांना. बोलण्यानं माणूस मरत न्हाय. वैशाखापतूर रेटून न्यायचं हुतं मला. तू रेटू दिलं न्हाईस."

ताट, वाटी, उकळतं पाणी, दूध, अंडी, पडवीतलं ऊन. मी फायनल पास झालेली बाई. शब्दाची फोड मागून घेतली, आणि समोर मांडलेलं मला वाचता आलं नाही. मी तिच्या पायांशी जायला उठले, तर तिनं हातानं थोपवलं. आता तरी कळलं का थोपवते ते.

संध्याकाळी दादा आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. वाटलं होतं ओरडेल. तो हळू बोलला, आणि ते जास्त लागलं.

"रतने, त्यापरीस तू पोटुशी आसतीस तर बरं झालं आसतं. पंचांपुढं उभा ऱ्हायलो आसतो, दंड भरला आसता, जेवण घातलं आसतं, जातीत परत आलो आसतो. त्येला वाट हाय. ह्येला काय भरू?"

तो रडत होता.

१३ मे

मोसंबीच्या बागेच्या टोकाला दादानं मला खोपट घालून दिलं. त्याला मी दोष देत नाही. देते. दिवसातून दहा वेळा देते आणि दहा वेळा मागं घेते. इथं ऊन भरपूर आहे, डॉक्टर म्हणतात ऊन हेच औषध, यातूनही माणसं उठतात. मिरजेच्या क्षयाच्या दवाखान्यात नेता आलं तर बघा म्हणाले. कोण नेणार? शाळेत कळवलं की माझ्यावरचा आळ खोटा ठरला. मोठ्या बाईंचा निरोप आला: आनंद वाटला, पण मुलींमध्ये तुम्हाला कसं घ्यावं? माझं चारित्र्य आता तालुक्यात कोणाच्या तोंडी नाही. वाटेनं जाणाऱ्या बायका बांधावरून माझ्या बाजूला बघत नाहीत, वळसा घालून जातात.

आज अक्षयतृतीया. सगळं जुळून आलं असतं तर सारजाच्या अक्षता याच वैशाखात पडायच्या होत्या. सकाळी ती बांधापर्यंत आली आणि लांबून नुसती उभी राहिली. मी हाक मारली. म्हणाली, "आत्या, तू थांबायला पायजे हुतंस." मग वहिनीनं तिला हाक मारून नेलं.

दोन दिवस झाले, लुगड्याची गाठ पुन्हा ताठ लागते आहे. काल बोटांनी ठोकून पाहिलं, डॉक्टर ठोकतात तसं. पाणी पुन्हा धरलं. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, गडी पाठवून डॉक्टरला बोलावते, बादली मी धरीन. मी नको म्हटलं, तिला पोर आहे. तर म्हणाली, "गप."

डॉक्टर रविवारी येणार आहेत. या वेळी बघायला कोणी येणार नाही.